फ्लॅटफर्ड

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफक परगण्याच्या दक्षिण सीमेवर, स्टूर नदीच्या डाव्या तीरावरील वाडी. ती ईस्ट बर्गहोल्ट या गावात मोडते. पलीकडचा तीर एसेक्स परगण्याचा. विटांची पाणचक्की, जुनी दोन-चार घरे, लाकडी पूल आणि नावा चढवण्या-उतरवण्याचे लॉक, एवढाच वाडीचा पसारा. नदी येथे संथ आणि वळणावळणाने वाहते; काठावर विलोची झाडे आणि गुरांची कुरणे आहेत. पावसाळी हिवाळ्यात कुरणांवर पाणी चढते. नदीच्या उताराचा उल्लेख वाडीच्या नावातच आहे.

चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याच्यामुळे या वाडीला जगभर ओळख मिळाली. चक्की त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल यांची होती आणि तरुणपणी जॉननेही घरच्या धान्यव्यापारात काम केले होते. त्याची चित्रे पाहून फ्लॅटफर्ड म्हणजे निवांत खेडे असा समज होतो; तो अपुरा आहे. १७०५ च्या कायद्याने स्टूर नदी सडबरीपर्यंत नौकानयनास खुली झाली आणि ही वाडी वाहतुकीचा राबता ठेपा बनली. घोडे काठावरून नावा ओढत. वर कोळसा जाई, खाली पीठ आणि धान्य येई. मिस्टली बंदरातून ते गोल्डिंग यांच्याच गलबताने लंडनला पोहोचे. नावा बांधण्यासाठी चक्कीजवळ सुकी गोदी होती. कॉन्स्टेबलने १८१५ च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात अर्धवट बांधलेली नाव आणि तिच्या अवतीभवती काम करणारी माणसे दिसतात. या वाडीचा इतिहास समजून घ्यायचा तर हे चित्र आधी पाहावे.

‘द हे वेन’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले, पण विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. चित्रात डावीकडे दिसणारे घर विली लॉट या शेतकऱ्याचे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात त्याने चारच रात्री घराबाहेर काढल्या, असे परंपरेने सांगतात. ते घर आजही उभे आहे आणि त्याच्याच नावाने ओळखले जाते.

१८४९ मध्ये सडबरीला रेल्वे आली आणि नदीवरची वाहतूक ओसरत गेली. १९४३ मध्ये चक्की आणि विली लॉटचे घर नॅशनल ट्रस्टकडे आले. १९४६ पासून चक्कीत निसर्ग-अभ्यासाचे निवासी केंद्र चालते. भोवतालचे डेडहॅम खोरे १९७० पासून संरक्षित आहे. गोदी गाळाने बुजली होती; ती १९८० च्या दशकात पुन्हा मोकळी करण्यात आली.

मॅनिंगट्री हे जवळचे रेल्वे स्थानक. तेथून नदीकाठच्या पायवाटेने सुमारे तासाभरात फ्लॅटफर्डला पोहोचता येते.