चौकट मोडण्याआधी : जॅकी मॅक्लीन आणि १९६२

कलेच्या इतिहासात ‘वळण’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. अमुक कवी वृत्तातून मुक्तछंदाकडे वळला, अमुक चित्रकार आकृतीकडून अमूर्ताकडे गेला, अशी वाक्ये आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि प्रबंधांत ठायी ठायी आढळतात. त्यांत एक गृहीत दडलेले असते : मागचे सोडल्याखेरीज पुढचे हाती लागत नाही. हे गृहीत तपासायचे तर कधीकधी शब्दांच्या प्रांताबाहेर जाणे उपयुक्त ठरते. वाद्यसंगीतात जाहीरनामा असलाच, तरी तो अखेर स्वरांशी ताडून पाहावा लागतो.

जॅकी मॅक्लीन हा ऑल्टो सॅक्सोफोनवादक १९३१ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे जन्मला. सॉनी रोलिन्स हा त्याच्याच परिसरात वाढलेला मित्र, तर पियानोवादक बड पॉवेल हा त्याचा मार्गदर्शक. ऑल्टो सॅक्सोफोनवर त्या काळी एकाच माणसाचे राज्य होते : चार्ली पार्कर. १९५१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, माइल्स डेव्हिसच्या ‘डिग’ या ध्वनिमुद्रिकेत मॅक्लीन वाजवू लागला, तेव्हा तो बीबॉपच्या घराण्यातलाच एक तरुण होता. १९५५ च्या मार्चमध्ये पार्कर गेला आणि मागे राहिलेल्या प्रत्येक ऑल्टोवादकापुढे एकच प्रश्न उभा राहिला : आता आपण कोण?

बीबॉपची रीत थोडक्यात समजून घ्यायला हवी. एखाद्या गीताची, बहुधा ३२ मात्राखंडांची, चौकट घ्यायची. तिच्यातील कॉर्ड्सचा क्रम कायम ठेवायचा आणि त्या वेगाने बदलणाऱ्या क्रमावर नवी धून तत्क्षणी रचायची. आवर्तन फिरत राहते आणि वादकाला प्रत्येक वळणावर नेमक्या स्वरावर पोहोचावे लागते. अक्षरगणवृत्तात उत्स्फूर्त रचना करणाऱ्या कवीची कसरत डोळ्यांपुढे आणावी. या बंधनातून पार्करने अपूर्व सौंदर्य निर्माण केले. परंतु गुरूच्या हाती जे शोध असते, ते शिष्यांच्या पिढीत हळूहळू सवय बनत जाते.

मॅक्लीनला ही सवय जाणवत होती. १९५६ मध्ये चार्ल्स मिंगसच्या ‘पिथेकँथ्रोपस इरेक्टस’मध्ये त्याने वाजवले. पार्करची छाया सोडून स्वतःचा आवाज शोध, असा मिंगसचा आग्रह होता. पुढे मॅक्लीनने ‘क्वॉड्रँगल’ ही रचना केली. तिची धून टोकदार, तुटक, जुन्या चौकटीत न मावणारी. मात्र एकल वादनाची वेळ आली तेव्हा त्याने तिच्याखाली गर्श्विनच्या १९३० सालच्या ‘आय गॉट रिदम’चा कॉर्डक्रम घातला. बीबॉपच्या असंख्य रचना ज्यावर उभ्या आहेत, तोच हा क्रम. हा जोड त्या धुनीच्या स्वभावाशी विसंगत होता, हे त्याला स्वतःलाच खटकत राहिले. माझ्या मते खरे वळण इथे आहे : नवे सुचले होते, पण त्यात राहायचे कसे, हे अजून ठाऊक नव्हते.

याच काळात त्याच्या आयुष्यावर वेगळीच चौकट आवळली गेली होती. मद्य मिळणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायचे तर पोलिसांनी दिलेला परवाना, म्हणजे ‘कॅबरे कार्ड’, लागे. अमली पदार्थांच्या प्रकरणात मॅक्लीनचा हा परवाना गेला. थेलोनियस मंक आणि बिली हॉलिडे यांच्या वाट्यालाही हेच आले होते. ही पद्धत १९६७ मध्ये संपली. जन्मगावच्या क्लबांचे दरवाजे बंद झाल्यावर मॅक्लीनला उरला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आणि काही काळ रंगभूमी. १९५९ मध्ये ‘लिव्हिंग थिएटर’ने केलेल्या जॅक गेल्बरच्या ‘द कनेक्शन’ या नाटकात तो रंगमंचावर वाजवत असे. नाटकाचा विषय होता, मादक द्रव्य आणून देणाऱ्या माणसाची वाट पाहणारे लोक.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ऑर्नेट कोलमनने ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये कॉर्डक्रमाचे बंधन न मानणारे वादन सुरू केले आणि जॅझचे जग दुभंगले. मॅक्लीनने बाजू घेण्याची घाई केली नाही. त्याचे उत्तर १९ मार्च १९६२ रोजी ध्वनिमुद्रित झाले : ‘लेट फ्रीडम रिंग’. वेष्टणावरील टिपण त्याने स्वतः लिहिले आणि कोलमनने आपल्याला थांबून विचार करायला लावले, अशी मोकळी कबुली त्यात दिली.

मुलीच्या नावाने केलेली ‘मेलडी फॉर मेलोने’ ही पहिली रचना ऐकावी. तेरा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या वादनात कॉर्ड्सची धावपळ थांबते. एकेका स्वरपंक्तीवर वादक दीर्घकाळ मुक्काम करतो. रागविस्ताराची सवय असलेल्या कानाला हे परके वाटू नये. मग अचानक सॅक्सोफोन आपल्या नेहमीच्या पल्ल्याबाहेर चढतो आणि एक तीक्ष्ण किंकाळी उमटते. पहिल्यांदा ती चूक वाटते. दुसऱ्यांदा कळते की वाक्य पूर्ण व्हायला तीच हवी होती. तरीही आवाज तोच, किंचित चढा आणि कोरडा, गोडवा नाकारणारा. ड्रमवर आहे कोलमनच्या ‘फाइव्ह स्पॉट’च्या संचातला बिली हिगिन्स, पियानोवर बीबॉपमध्ये मुरलेला वॉल्टर डेव्हिस धाकटा. आणि दुसरी रचना? बड पॉवेलची ‘आय विल कीप लव्हिंग यू’. स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या तबकडीवर मॅक्लीनने गुरूला मानाने जागा दिली आहे.

शीर्षकाचा विचार केल्यावाचून हे ऐकणे अपुरे राहील. दक्षिणेतील विद्यार्थ्यांची धरणी १९६० ची, फ्रीडम रायडर्सच्या बसफेऱ्या १९६१ च्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणात हेच शब्द घुमले ते ऑगस्ट १९६३ मध्ये. परवाना हिरावलेला एक कृष्णवर्णीय वादक १९६२ मध्ये हे शब्द निवडतो, तेव्हा ‘मुक्ती’ हा केवळ रूपबंधाचा प्रश्न उरत नाही. ती किंकाळी नागरिकाचीही आहे.

पुढे १९६३ मध्ये ‘वन स्टेप बियाँड’ ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात पियानो नव्हता आणि ड्रमवर सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स होता. १९६७ च्या ‘न्यू अँड ओल्ड गॉस्पेल’मध्ये तर स्वतः कोलमन मॅक्लीनच्या सोबतीला आला, हाती सॅक्सोफोन नव्हे, ट्रम्पेट घेऊन. आणि ‘ओल्ड गॉस्पेल’ ही रचना कोणाची? बंडखोर म्हणून गाजलेल्या कोलमनची. नवा माणूस जुने भजन घेऊन आला आणि जुन्या घराण्यातल्या माणसाने त्याच्याकडून नवे शिकून घेतले होते.

त्यानंतर मॅक्लीन हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागला. २००६ मध्ये त्याचे निधन झाले. नंतरच्या वर्षांत तो बीबॉपकडे ‘परतला’ असे कुणी म्हणते, तेव्हा पुन्हा तोच वळणाचा नकाशा पुढे येतो. वादन ऐकले की वेगळे जाणवते : तो बीबॉपमधून कधी बाहेर पडलाच नव्हता, त्याने त्या घराची एक भिंत पाडून अंगण मोठे केले होते. आपल्या नवकवितेचा इतिहास लिहिताना, मुक्तछंदाच्या ओळीखाली जुनी लय कुठे धपापते आहे, हे आपण याच कानाने ऐकतो का?