कापूस, मेम्फिस आणि ‘अलबेला’: मातीतल्या गाण्याच्या दोन वाटा

#इतिहास #धागा

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद, म्हणजेच नवा जालना. निजामाच्या राज्यातील या जोडगावाची बाजारपेठ धान्यावर आणि कापसावर उभी होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. तेव्हा मराठवाडा, खानदेश आणि वऱ्हाड येथील काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईचे सट्टेवाले देशोधडीला लागले. कापूस मात्र राहिला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे जालन्यावरून धावू लागली. मनमाडला माल उतरवायचा, ब्रॉडगेजच्या गाडीत चढवायचा आणि मुंबईकडे रवाना करायचा, असा तो क्रम होता.

संगीताच्या इतिहासाची सुरुवात कापसाच्या गाठीपासून करण्याला कारण आहे. अमेरिकेत ज्याला आज ‘रूट्स म्युझिक’ म्हणतात, म्हणजे मातीतले, मुळातले संगीत, त्याचा मोठा भाग कापसाच्याच शेतात घडला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांची कामाची गाणी, त्यातून पुढे आलेला ‘ब्लूज’, आणि त्याच दक्षिणेतील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांनी स्कॉटलंड-आयर्लंडहून सोबत आणलेली कथागीते व फिडलचे सूर. गुलामगिरी कायद्याने संपली तरी अर्धेलीची शेती आली आणि काळा-गोरा दोन्ही गरीब त्याच सरीत कापूस वेचत राहिला. कायद्याने त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. वाऱ्यावरून येणारे गाणे मात्र वेगळे ठेवता आले नाही.

कार्ल पर्किन्सचे उदाहरण पाहावे. १९३२ साली टेनेसी राज्यातील टिप्टनव्हिल येथे अर्धेलीने शेती करणाऱ्या गोऱ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणापासून तो कापूस वेचत असे. गिटारवर बोटे कशी ठेवावीत हे त्याला शिकवले जॉन वेस्टब्रुक या वयस्क कृष्णवर्णीय शेतमजुराने. पुढे ‘ब्लू स्वीड शूज’ या गाण्याने पर्किन्स जगभर पोहोचला. जॉनी कॅशचे बालपणही आर्कान्सामधील डायस या गावी कापसाच्या शेतातच गेले.

हे दोघेही ज्या दारातून आत शिरले, ते मेम्फिस शहरातील सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओचे दार होते. मेम्फिस म्हणजे कापसाची प्रचंड बाजारपेठ. ५ जुलै १९५४ रोजी तेथे एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणाने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे एक ब्लूज गीत गायले. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे गोऱ्या डोंगरी परंपरेतले गीत होते. सोबतीला एक गिटार आणि एक उभा बास; ढोल नव्हताच. बासच्या तारा लाकडावर आपटून तालाचे काम भागवले गेले. एका बाजूला काळ्यांचे गाणे, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचे, आणि दोन्ही एकाच लयीत, एकाच उत्साहात. ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ हे शब्द जोडून या शैलीला ‘रॉकाबिली’ म्हटले गेले. हिलबिली म्हणजे डोंगरी गावंढळ. ती मुळात शिवीच. आपल्याकडे ‘तमासगीर’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जात असे, त्याच सुरातली.

महाराष्ट्रात या घटनेचे भावंड शोधायचे असेल, तर मेम्फिसची नक्कल कोणी केली हे पाहू नये. नक्कल नंतर पुष्कळ झाली. त्याच आफ्रो-अमेरिकी मुळांशी मराठी माणसाचा संबंध एल्व्हिसच्या आधी आणि एल्व्हिसशिवाय कसा आला, हा अधिक मोलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुंबईत सापडते.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि त्याच्या बरोबरीने पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही ताजमध्ये वाजवू लागले. आपल्या देशात ज्यांना अनेक हॉटेलांच्या पुढच्या दारातून प्रवेश नव्हता, ते कलावंत येथे अरबी समुद्रासमोर संस्थानिकांना आणि साहेबांना नाचवत होते. वेदरफर्ड पुन्हा अमेरिकेत स्थिरावलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला.

या वाद्यवृंदांकडून ही विद्या घेतली ती गोव्याच्या वादकांनी. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. त्यामुळे नवे संगीत कानांनी टिपायला आणि कागदावर उतरवायला ही मंडळी तयारच होती. बार्देशातील हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांतला एक. ट्रम्पेट वाजवताना तो लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देई. लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला. मद्य नाही तर नाइट क्लब नाहीत, क्लब नाहीत तर वाद्यवृंद नाहीत. हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. मोरारजी देसाईंच्या धोरणाने हिंदी चित्रपट संगीताला जॅझ वादकांचा भरणा मिळवून दिला, हा इतिहासाचा एक गमतीदार आडपरिणाम.

तेथे त्यांची गाठ पडली पुणतांब्याच्या एका पेटीवादकाशी. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ साली पुणतांबे येथे झाला. मराठवाड्याची मीटरगेज पूर्वेकडून मनमाडला येत असे आणि दौंडची रेल्वे दक्षिणेकडून येते. पुणतांबे या दुसऱ्या रेल्वेवरचे स्थानक. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे धडे घेतले, सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये पेटीची साथ केली, आणि संगीतकार म्हणून पहिली संधी तमिळ चित्रपटांत मिळवली. बेनी गुडमनच्या स्विंग संगीताचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. १९४७ साली ‘शहनाई’ या चित्रपटात रविवारच्या निमंत्रणाचे त्यांचे खट्याळ गाणे आले. देश स्वतंत्र होत असताना असले पाश्चात्त्य थिल्लर गाणे काय करायचे, असा सूर अनेकांनी लावला. लोकांनी ते डोक्यावर घेतले.

या जोडीला तिसरा माणूस हवा होता, तो भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. जन्म १९१३, अमरावती, पुन्हा कापसाचाच मुलूख. वडील कापड गिरणीतले कामगार, आणि स्वतः भगवानदादांनीही आरंभी मजुरी केली. वाढ झाली ती मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कोकण आणि देशावरून आलेल्या माणसांच्या चाळींत. त्या वस्तीत भजनी मंडळे होती, शाहिरांचे फड होते, तमाशाचे तंबू होते, शक्तितुरा होता, आणि चार आण्यांत हॉलिवुडचे मारामारीपटही पाहायला मिळत. डग्लस फेअरबँक्स हे भगवानदादांचे दैवत. कमी खर्चाचे स्टंटपट काढून त्यांनी कामगार प्रेक्षक मिळवला, पण प्रतिष्ठा मिळाली नाही.

१९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ काढला. दिग्दर्शन त्यांचे, नायक तेच, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचे. भगवानदादांसाठी पार्श्वगायनही ‘चितळकर’ या नावाने स्वतः सी. रामचंद्रांनीच केले. एकाच चित्रपटात ट्रम्पेट-बोंगोंच्या धगीवरचे ‘शोला जो भडके’ आहे आणि पिलू रागाच्या अंगाने जाणारी हळुवार अंगाईही आहे. चिक चॉकलेट आणि त्याचे वादक तर त्यातील एका गाण्यात पडद्यावरच दिसतात. नाचणारा नायक मात्र फेअरबँक्ससारखा सडसडीत नाही. स्थूल बांधा, अर्धवट उचललेले हात, जागच्या जागी हलकेच झुलणारी कंबर. हा नाच कोणत्याही नृत्यशाळेतला नव्हता. चाळीतल्या कोणालाही तो जमण्यासारखा होता. त्याचे सगळे सामर्थ्य त्यातच आहे.

१९५१ हे वर्ष पुन्हा एकदा लक्षात घ्यावे. एल्व्हिसने पहिली तबकडी काढण्यास अजून तीन वर्षे होती. म्हणजे ‘अलबेला’ मेम्फिसचा अनुयायी असूच शकत नाही. आफ्रिकी-अमेरिकी संगीत हे दोघांचे समान मूळ; तिकडे ते शेताच्या बांधावरून गोऱ्या मुलांकडे गेले, इकडे जहाजातून ताजमध्ये, ताजमधून गोमंतकीयांकडे आणि तेथून गिरणगावात आले. दोन्हीकडे त्याला नवी काया मिळाली ती कापसावर जगणाऱ्या घरांतल्या मुलांमुळे.

विरोधही दोन्हीकडे झाला. अमेरिकेत त्याचे रूप हिंसक होते. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर भर कार्यक्रमात वर्णद्वेष्ट्यांनी हल्ला केला. जानेवारी १९५७ मध्ये एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्व्हिसला फक्त कमरेपासून वर दाखवण्यात आले. भगवानदादांची कंबर तोवर पाचएक वर्षे पडद्यावर सुखेनैव झुलत होती.

भारतात विरोधाने सभ्य, सुशिक्षित वेष घेतला. १९५२ साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीत हेच देशाचे खरे मूळ, चित्रपट संगीत म्हणजे त्याला लागलेली कीड, अशी त्यांची भूमिका होती. आकाशवाणीने चित्रगीतांवर मर्यादा घातली. निर्मात्यांशी वाद होऊन ती गाणी आकाशवाणीवरून जवळपास नाहीशीच झाली. श्रोत्यांनी आपले रेडिओ सिलोनकडे वळवले, अमीन सायानींचा आवाज घरोघर पोहोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीने माघार घेतली.

केसकरांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे आहे. परंतु ‘मूळ’ या शब्दाचा त्यांचा अर्थ अपुरा होता. ज्या पेटीवर गावोगावचे कीर्तन आणि संगीत नाटके उभी राहिली, ती पेटी युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावरही बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. मराठी भजनी मंडळांनी या बंदीची दखलही घेतली नाही.

विविध भारतीच्याच वर्षी, १९५७ साली, सी. रामचंद्रांनी ‘आशा’ या चित्रपटात ‘ईना मीना डीका’ दिले. हिंदी चित्रपटातील आरंभीच्या अस्सल रॉक अँड रोल गीतांत त्याची गणना होते. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायले. संगीताच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून त्याचा मुखडा सुचला आणि जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने त्यात कोकणी शब्दांची भर घातली, अशी त्याची प्रसिद्ध हकिकत आहे. निरर्थक शब्दांचे ते गाणे म्हणून पंडितांनी नाक मुरडले. पण भोंडल्यातील आणि खेळगाण्यांतील बडबड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही. हे रॉकाबिली आहे काय? काटेकोर अर्थाने नाही. त्यात सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा भरगच्च ताफा आहे, मेम्फिसचा तीन वाद्यांचा उघडा आवाज नाही. कुळ मात्र एकच.

या इतिहासाची एक बाजू कमी सुखद आहे. ज्याच्या गीताने एल्व्हिसची कारकीर्द सुरू झाली, तो आर्थर क्रुडप मानधनाच्या थकबाकीसाठी झगडत राहिला आणि १९७४ साली गरिबीतच वारला. मुंबईत संगीतकार पेटीवर चाल सांगे. तिला वाद्यवृंदाचे रूप देणे, प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी लिहिणे हे काम बहुधा गोमंतकीय संयोजक करीत. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर गाजले तेही १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या एका विनोदी गाण्यातील पात्राचे नाव म्हणून.

भगवानदादांनी ‘अलबेला’च्या यशावर जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला घेतला, मोटारींचा ताफा उभा केला. पुढचे चित्रपट पडले. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि ते दादरच्या चाळीत परतले. उरलेले आयुष्य लहानसहान भूमिकांत गेले. २००२ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांचा नाच मात्र चाळीतून रस्त्यावर उतरला तो उतरलाच. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, ज्यांनी ‘अलबेला’ कधी पाहिला नाही अशी मुलेही तेच अर्धवट उचललेले हात आणि तीच झुलती कंबर घेऊन नाचतात. पुढे बहुधा बेंजो वाजत असतो. महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात, ते खरे तर बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या ‘तैशोगोतो’ या वाद्याचा वंशज. कोणीतरी त्याला तार लावून वीज जोडली, भोंग्यातून वाजवले आणि नाव दिले ते अमेरिकी बँजोचे. आणि अमेरिकी बँजो म्हणजे गुलामांनी आफ्रिकेच्या आठवणीवर भोपळ्याला कातडे ताणून बनवलेले वाद्य.