छपरावरील तबकडी : देवळाली छावणींतील एका निवडीचा इतिहास

नाशिकरोड स्टेशनाहून लॅम रोडनें देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या प्रवाशाला जुने बंगले, हवापालटासाठीं बांधलेलीं सॅनिटोरियमें आणि लष्करी वसाहतींचीं छपरें दिसतात. घरें निरनिराळ्या काळचीं, त्यांत राहणारीं माणसें निरनिराळ्या प्रांतांचीं; परंतु छपरांवर एक वस्तु सर्वत्र सारखी आढळते. ती म्हणजे सुमारें दोन फूट व्यासाची लोखंडी तबकडी. लोक तिला डिश म्हणतात. या साऱ्या तबकड्यांचीं तोंडें आग्नेयेच्या बाजूला वळलेलीं असतात. देवळालीचा रेखांश ७४ अंशांच्या जवळ आणि घरगुती सेवांचे उपग्रह विषुववृत्तावर ८३ पासून १०८ अंशांपर्यंत. म्हणून ही दिशा ठरलेली.

तबकडी कोणत्या कंपनीची बसवावी, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास आहे. घरांत येणारा आवाज आणि घरांत दिसणारें चित्र कोणीं निवडावें, सरकारनें, केबलवाल्यानें, कंपनीनें कीं घरच्या माणसांनीं, हा त्या इतिहासाचा गाभा होय.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. तें चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि १९३० सालीं सरकारला तें काम हातीं घ्यावें लागलें. त्या काळीं यंत्र घरीं ठेवावयाचें तर वर्षाला १० रुपये भरून परवाना काढावा लागे. ही परवान्याची पद्धति पुढें १९८० नंतरच्या दशकापर्यंत टिकली. श्रोत्यापुढें निवड होती ती एवढीच, कीं यंत्र घ्यावें अथवा घेऊं नये. काय ऐकावें हें दुसरा कोणी ठरवी.

दूरचित्रवाणी आली तेव्हां निवड तर राहोच, चित्र पोहोंचण्याचीच पंचाईत होती. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढच्या वर्षीं सिंहगडावर मनोरा उभारून पुण्याला चित्र पोहोंचविण्यांत आलें. या लहरी सरळ रेषेंत जातात, डोंगराला वळसा घालीत नाहींत. मुंबई आणि नाशिक यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी. ज्या कसारा घाटानें आगगाडीला वर चढूं दिलें, त्यानें चित्राला मात्र वाट दिली नाहीं.

याच सुमारास एक मौजेचा विरोध घडला. देवळालीचें नांव दूरचित्रवाणीवर गाजूं लागलें, पण तें इंग्लंडांत! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देवळाली हा गोऱ्या सैनिकांचा मुक्कामाचा तळ होता. मुदत संपलेले शिपाई येथें मायदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत. उन्हाचा ताप आणि रिकामपण यांनीं कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून इंग्रजी बोलींत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या छावणींत नोकरी केलेल्या जिमी पेरी यांनीं डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह 'इट एंट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ पासून १९८१ पर्यंत बी. बी. सी. नें ती दाखविली. कथा १९४५ च्या देवळालींतील, चित्रण मात्र इंग्लंडांतील; एका प्रमुख हिंदी पात्राचें काम गोऱ्या नटानें तोंडाला रंग लावून केलें, म्हणून पुढें तिच्यावर टीकाही झाली. देवळालीचें चित्र दुसऱ्यांनीं काढावें आणि दुसऱ्यांनीं पाहावें, अशी ती स्थिति होती.

ज्या १९४५ सालीं ही कथा घडते, त्याच सालीं आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें एका नियतकालिकांत असा विचार मांडला, कीं विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल आणि एका जागीं स्थिर दिसेल. तेथून संदेश पाठविल्यास डोंगर आड येणार नाहींत. सह्याद्रीच्या भिंतीवरील तोड ती हीच.

हिंदुस्थानांत हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजीं सुरू झाला. अमेरिकेच्या ए. टी. एस.-६ या उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखविण्यांत आले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पुढें १९८३ च्या ऑगस्टांत इन्सॅट-१बी आकाशांत गेला आणि १९८४ पासून गांवोगांवीं लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें उभीं राहूं लागलीं. उपग्रहाचें चित्र हीं केंद्रें उतरवून घेत आणि आसपासच्या घरांना देत. चित्र घाटावर पोहोंचलें. परंतु निवड अजून नव्हती. वाहिनी एक, ती सरकारची.

१९९१ सालीं आखाती युद्धाचीं दृश्यें आणि मागोमाग स्टार टीव्ही परदेशी उपग्रहांवरून येऊं लागले. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी टीव्ही सुरू झाला. हे संदेश झेलण्यास आठ-दहा फुटांची मोठी छत्री लागे. ती एका घराला परवडण्याजोगी नव्हती. म्हणून केबलवाल्याचा धंदा उदयास आला. त्यानें एका इमारतीवर छत्री बसवावी आणि खांबांवरून, झाडांवरून तार ओढून शेंकडों घरांना चित्र द्यावें. कायद्यानें या धंद्याची दखल १९९५ सालीं घेतली. आतां वाहिन्या अनेक झाल्या, तरी कोणत्या दाखवावयाच्या हें केबलवाला ठरवी. आणि एका गल्लींत बहुधा एकच केबलवाला असे.

त्याच वर्षीं एक मोठा निकाल लागला. १९९३ च्या हीरो चषकाच्या क्रिकेट सामन्यांचें प्रक्षेपण कोणीं करावें, यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यांत वाद झाला होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं न्यायमूर्ति पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठानें असा निर्णय दिला, कीं वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असूं शकत नाहीं. १९२७ पासून चालत आलेल्या समजुतीला हा पहिला खरा धक्का होता.

तरीही वाट सरळ झाली नाहीं. उपग्रहाचें चित्र थेट घरांतील लहान तबकडीवर उतरविण्याची युक्ति उपलब्ध होतांच, १९९७ च्या जुलैंत सरकारनें तिच्यावर बंदी घातली. ती २००० सालीं उठली. २ ऑक्टोबर २००३ रोजीं डिश टीव्ही, २००४ च्या डिसेंबरांत दूरदर्शनची विनामूल्य डी. डी. डायरेक्ट प्लस आणि २००६ च्या ऑगस्टांत टाटा स्काय अशा सेवा सुरू झाल्या. २००७ ते २००९ या काळांत सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल आणि व्हिडिओकॉन यांचीही भर पडली. शंभर वर्षांच्या या कथेंत घरच्या माणसापुढें अनेक दारें एकदम उघडलीं तीं येथें.

छावणीच्या जीवनाला ही सेवा विशेष मानवणारी होती. तोफखान्याच्या विद्यालयामुळें देवळालींत देशाच्या कानाकोपऱ्यांतून लष्करी कुटुंबें येतात आणि दोन-तीन वर्षांनीं बदली होऊन जातात. केबलची तार गल्लीशीं बांधलेली. तबकडी मात्र सामानाबरोबर बांधून नेतां येते आणि नव्या गांवीं त्याच उपग्रहाकडे वळवितां येते. तमिळ, पंजाबी, बंगाली आणि मराठी घराला एकाच आकाशांतून आपापली भाषा मिळूं लागली.

२०१० च्या सुमारास या निवडींत एच. डी. म्हणजे अतिस्पष्ट चित्राची भर पडली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दूरदर्शननें या पद्धतीनें दाखविल्या. जुन्या चित्रांत सुमारें ४ लक्ष १५ हजार ठिपके असत; नव्यांत २० लक्ष ७४ हजार, म्हणजे पांचपट. परंतु दूरचित्रवाणी संच, सेट टॉप बॉक्स आणि वाहिनी हीं तिन्ही त्या जातीचीं असल्याखेरीज ही स्पष्टता दिसत नाहीं. नवा संच आणून जुनाच बॉक्स जोडणारीं घरें फसलीं तीं येथेंच. मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी होती. अतिस्पष्ट वाहिनी उपग्रहावर साध्या वाहिनीच्या कित्येकपट जागा अडविते. म्हणून प्रथम खेळ, इंग्रजी आणि हिंदी यांचा नंबर लागला. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या तशा वाहिन्या यावयास २०१६ साल उजाडलें. कोणत्या सेवेच्या उपग्रहावर किती जागा आहे, हा प्रश्न म्हणूनच भाषेचाही प्रश्न होता.

आकाशही नेहमींच भरंवशाचें नसतें. या लहरींची लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि चित्र थिजतें. २०१० च्या जुलैंत इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यांत बिघाड होऊन त्याचे निम्मे प्रक्षेपक बंद करावे लागले. तरी खरी अडचण जमिनीवरची होती. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालावा, अशी अट २००१ च्या नियमांतच घातलेली होती. व्यवहारांत मात्र कंपनी बदलणाऱ्या घराला बहुधा नवा बॉक्स विकत घ्यावा लागे. निवडीचा हक्क मिळाला, पण निवड बदलण्याचा हक्क महाग राहिला.

१ फेब्रुवारी २०१९ पासून तर प्रत्येक वाहिनी सुटी निवडण्याची मुभा मिळाली. १०० वाहिन्यांना कर वगळून १३० रुपयांपर्यंत जोडणीचा आकार आणि सशुल्क वाहिन्यांची छापील किंमत वेगळी, असा हिशेब होता. तेव्हां घरोघरीं यादी घेऊन बसण्याची वेळ आली: आजोबांच्या बातम्या, आजींचीं कीर्तनें, मुलांचीं कार्टुनें, सुनेच्या मालिका. कोणाचें काय ठेवावें आणि काय गाळावें, यावरून खर्चाच्या वहीपेक्षां घरांतील मानपानच अधिक उघडा झाला. कंपन्यांनीं वाहिन्यांचे गुच्छ मोठ्या सवलतीनें विकल्यामुळें सुट्या निवडीचा हेतु पुरता साधला नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला १ जानेवारी २०२० रोजीं नियम पुन्हा बदलावे लागले.

त्यानंतर वारें फिरलें. २०२१ च्या मार्चमध्यें देशांत सशुल्क तबकडीचीं सुमारें ७ कोटि सक्रिय घरें होतीं. २०२४ च्या मार्चमध्यें तीं सुमारें ६ कोटि २० लक्षांवर आलीं. इंटरनेटच्या तारेनें आणि विनामूल्य सेवेनें त्यांतील कित्येक घरें ओढून नेलीं. गांवोगांवचीं जुनीं लहान प्रक्षेपण केंद्रें तर २०२२ पर्यंत बहुतेक बंद झालीं.

एका काळीं देवळालीचा शिपाई घरीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसे, आणि जहाज केव्हां यावें हें त्याच्या हातीं नसे. आज त्याच छावणींतील गृहिणी महिन्याच्या शेवटीं रिचार्ज करावा कीं करूं नये, हें स्वतः ठरविते. तिच्या हातची ती लहानशी सत्ता मिळावयास परवाना, घाट, बंदी आणि न्यायालयाचा निकाल एवढें सारें ओलांडावें लागलें. बदली झालेलें कुटुंब तबकडी उतरवून नेतें, तेव्हां भिंतीवर चार खिळ्यांचीं भोंकें मागें राहतात. नवें बिऱ्हाड येतें आणि आपल्या पसंतीची तबकडी बहुधा त्याच भोंकांवर बसवितें.