तेहतीस फुटांची साखळी

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीला लागून असलेल्या मारुंजीत (ता. मुळशी) आज जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. हा गुंठा ज्या मापाने पक्का झाला, ती इंग्रजी अमलातील मोजणीची 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी होय. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असे 1,089 चौरस फुटांचे क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. त्याआधी देशावर काठी, पांड आणि बिघा यांचा हिशेब चाले. काठीची लांबी मात्र मुलखागणिक बदलत असे.

मोजणीच्या जोडीने साऱ्याची आकारणीही बदलली. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास लागवडखर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचा 55 टक्के हिस्सा सरकारचा, असे सूत्र लावले. कागदावर ते निर्दोष होते, पण आकारणी जड झाली आणि रयतेने शेते पडीक टाकली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 मध्ये इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीची नवी जमाबंदी लागू केली, तेव्हा उत्पन्नाचा अंदाज सोडून मातीचीच प्रतवारी धरली. प्रतवारी करणारा कारकून शेतात खणून खोली पाही. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची ठरे आणि खोली घटत गेली, किंवा चुनखडी, उतार, पाणथळपणा असा एखादा दोष आढळला, की आणे उतरत. जमिनीची किंमत रुपयाच्या भाषेत सांगणारी ही पद्धत शेतकऱ्याला चटकन उमगणारी होती, हे मान्य करावे लागते.

तथापि या मोजणीतून तयार झालेले नकाशे सारा वसुलीसाठी होते, मालकीचा निवाडा करण्यासाठी नव्हते. एका बैलजोडीला पुरेल तेवढे क्षेत्र एका सर्व्हे नंबरात धरून त्याहून लहान शेते एकत्र केली जात, आणि त्यामुळे भाऊबंदांचे वेगवेगळे तुकडे कागदावर एक होत. पुढच्या काळातील पोटहिश्श्यांच्या अनेक तंट्यांचे मूळ येथेच आहे. मोजणीदाराने शेतातच काढलेले, प्रमाणात नसलेले कच्चे रेखाटन, म्हणजे टिपण, मोडीत लिहिलेले असे. आज भूकरमापक उपग्रहाधारित रोव्हर घेऊन बांधावर उभा राहतो, परंतु शेजाऱ्याने हद्द अमान्य केली की अभिलेख कक्षातून जुने टिपण काढावे लागते, आणि मग ती मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो.