नसलेल्या घंटांचा नाद

लघुलहरींवर दूरदेशीचे नभोवाणी केंद्र शोधू लागणाऱ्या श्रोत्यास प्रथम भेटते ती खरखर. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरांवरून परावर्तित होऊन हजारो मैल दूर पोचतात. परंतु ते थर दिवसरात्रीनुसार व ऋतुमानानुसार पालटत असल्याने आवाज कधी चढतो, तर कधी विरून जातो. शेजारी अन्य केंद्रांची दाटी असते, आणि कानी पडणारी भाषा समजेलच असेही नाही. म्हणून कार्यक्रमापूर्वी ठराविक स्वर पुनःपुन्हा वाजविण्याची प्रथा पडली. त्यामुळे श्रोत्यास सुई स्थिर करण्यास अवधी मिळतो, आणि नाव न उच्चारताच केंद्राची ओळख पटते.

बी. बी. सी.ने यासाठी लंडनमधील सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटांचे १९२६ साली केलेले ध्वनिमुद्रण वापरले. या घंटांचा नाद जेथवर ऐकू येतो, तेथे जन्मलेला तोच अस्सल लंडनकर, असा तिकडचा जुना लोकसमज आहे. १९४१ सालच्या मे महिन्यात जर्मन बाँबवर्षावात ते चर्च जळाले आणि घंटा कोसळल्या. तथापि परदेशांसाठी होणाऱ्या इंग्रजी ध्वनिक्षेपणात त्यांचा मुद्रित नाद घुमतच राहिला. खुद्द चर्चच्या दाराशी शांतता होती. समुद्रापलीकडच्या घरांत मात्र घंटा वाजत होत्या! नव्याने ओतलेल्या घंटा तेथे पुन्हा वाजू लागल्या त्या १९६१ साली.

जर्मनांनी व्यापलेल्या युरोपासाठी खूण निराळी होती. जानेवारी १९४१ मध्ये बी. बी. सी.वरून बोलणारे बेल्जियन पुढारी व्हिक्टर द लावले यांनी ‘व्ही’ हे अक्षर विजयाचे चिन्ह म्हणून सुचविले. तारायंत्राच्या लिपीत त्या अक्षराची खूण तीन ऱ्हस्व व एक दीर्घ अशी आहे. त्याच लयीत नगाऱ्यासारख्या वाद्यावर चार ठोके वाजविण्यात येऊ लागले. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभही याच लयीचा, आणि तोही जर्मनभूमीच्याच संगीतकाराचा! जर्मनीत परकीय केंद्रे ऐकण्यास १९३९ पासूनच बंदी होती. १९४३ मध्ये हॉलंडमधील जनतेस रेडिओयंत्रे जमा करण्याचा हुकूम झाला. तरीही दडवून ठेवलेल्या यंत्रांवर, दारे लावून, अगदी हळू आवाजात हे ठोके ऐकले जात. पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला. क्वचित प्राणांवरही बेतत असे.

ज्या राजवटीने युरोपातील घराघरांत हे भय निर्माण केले, तिच्याच उदयानंतर तो खंड सोडून वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईस आले. भारतीय नभोवाणीची सुपरिचित आरंभधून १९३६ साली त्यांनीच रचली, असे मानले जाते. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे ते सूर कानी पडले, की आपले केंद्र लागले हे भारतीय श्रोत्यास निवेदनापूर्वीच उमगते.

या खुणांमध्ये वार्ता नसते, उपदेश नसतो. बोलणारा अजून आपल्या जागी आहे, एवढेच त्या सांगतात. संकटकाळी माणसाला पहिला धीर मिळतो तो एवढ्यावरच.