हातावरचे अत्तर

वडील दिवाळीला पाहुण्यांच्या हाताच्या पाठीवर गुलाबाचे अत्तर लावीत. रात्री अंथरुणावरही तो वास दरवळे. परवा डोंबिवलीस घेतलेला गुलाब मात्र ठाणे येईतो उडाला! दुसऱ्या दिवशी आधी चंदनतेल लावले, ते मुरल्यावर वर गुलाब. सायंकाळपर्यंत टिकला.

यात जादू नाही. कनोजचे अत्तरिये तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलातच उतरवीत. उडत्या वासाला बसायला पाट नको का? चंदन महागले आणि पुष्कळ ठिकाणी त्या पाटावर पातळ पॅराफिन येऊन बसले.

आपल्याकडेही हे शास्त्र होते. चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे ११३०) विलेपनांचे प्रकरण आहे. पण मला भुरळ घातली ती ‘गंधवादा’ने. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४५ साली या दुर्मीळ हस्तलिखिताचा परिचय करून दिला. संस्कृत ग्रंथ, आणि त्यावर चक्क मराठी टीका! गोड्यांनी काळ ठरवला १३५० ते १५५० च्या दरम्यानचा. म्हणजे ज्ञानेश्वरीमागून तीन शतकांच्या आत कुणी मराठी माणूस सुगंध कसे कालवावेत ते आपल्या भाषेत समजावून सांगत होता.

यंदा अभ्यंगस्नान झाले की मुलांच्या हातावर आधी चंदन लावणार आहे. गुलाब मागाहून.