आज रात्री जवळ कोण निजणार?

प्लेगाच्या साली गाव उठून माळावर जाई, ही आमच्या पणजीची गोष्ट. आत्यानं ती लहानपणी तिच्याकडून ऐकली आणि पुढं आम्हाला सांगितली. घरात उंदीर मरून पडला की दाराला कडी घालायची, भांडीकुंडी नि धान्य बैलगाडीत भरायचं आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचं. जातीची अंतरं माळावरही सुटली नाहीत, हे पणजी लपवत नसे. पण गाव उठलं ते सगळं उठलं. कुणाच्या घरी माणूस गेलं तर शेजारच्या झोपडीतून भाकरी येई.

"त्या रोगात गाव बाहेर पडलं. ह्या रोगात गावानं एकेक माणूस बाहेर काढलं," असं आत्या एड्सबद्दल म्हणे. ती तासगावकडच्या एका उपकेंद्रात सिस्टर होती. नव्वदच्या दशकात तिच्या गावांतली तरणी माणसं परमुलखातून परत येऊ लागली. कुणी ट्रकवर होता, कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात. ती यायची ती अंथरुणाला खिळायलाच. मागं विशी-बाविशीतल्या बायका राहत, आणि "तूच खाल्लंस माझ्या पोराला" हे ऐकत. अशा एका सुनेची खाट गोठ्यात टाकली होती. आत्या गेली तेव्हा तिच्या केसांच्या जटा झालेल्या. कित्येक महिने कुणी डोक्याला हात लावला नव्हता. आत्यानं पाणी तापवून तिचं डोकं धुतलं, वेणी घातली. सासू उंबऱ्यात उभी राहून बघत होती. औषध तेव्हा हाताशी नव्हतंच, आणि स्पर्शानं हा रोग होत नाही हे सांगूनही पटत नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र थोडंफार पटे.

भारतात या रोगाचा विषाणू, एचआयव्ही, पहिल्यांदा सापडला तो 1986 साली, चेन्नईत. शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. आत्याला याचा फार अभिमान. पण तिच्या बोलण्यात त्यांच्याहून जास्त येत त्या सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायका. पुष्कळशा कर्नाटकातून आलेल्या, काही देवीला सोडलेल्या. 1992 पासून मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेबरोबर त्यांनी एकमेकींना निरोध वाटायला, समजावायला सुरुवात केली आणि 1996 मध्ये स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. आजारी बाईजवळ त्या दवाखान्यात आळीपाळीनं बसत, हे आत्या पुन्हा पुन्हा सांगे. ज्यांना गावानं कधीच आपलं म्हटलं नाही, त्यांनी शेजारधर्म टिकवला. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात ही गोष्ट साखरकारखान्यांच्या बरोबरीनं लिहिली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आत्याचा स्वतःचा एक प्रश्न होता. रिपोर्ट हाती पडलेल्या माणसाला ती आधी विचारी, "आज रात्री जवळ कोण निजणार?" उत्तर आलं नाही तर घरातल्या एखाद्या जाणत्या बाईला बाजूला घेऊन ती विहिरीकडं लक्ष ठेवायला सांगे. रोगाला मारायला वर्षं लागतात, पहिली रात्र मात्र तेवढा धीर धरत नाही, हे तिनं पाहिलेलं होतं.

1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, द्यायला सुरुवात केली. सुरुवातीची केंद्रं देशात मोजकी होती, महाराष्ट्रात मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यात होतं. गोळ्या आल्या आणि माणसं उठून बसली, शेतात जाऊ लागली. पण त्यातल्या एफाविरेन्झ नावाच्या गोळीनं डोकं गरगरे, भलतीसलती स्वप्नं पडत. मेलेला नवरा हाक मारतोय, अंगणात चिता पेटलीय. कित्येकांना वाटे आपल्याला वेड लागलं, आणि ती मुकाट्यानं गोळ्या सोडत. तिथं कामी आला तो आधारगट. महिन्यातून एकदा गोल करून बसलेल्या बायांतली एक म्हणे, "मला बी पडतात." मग दुसरी. ही स्वप्नं गोळीची आहेत, आपल्या नशिबाची नाहीत, हे अशा बैठकीत जितकं पटे तितकं केस-पेपरवर लिहून पटलं नसतं.

आता गोळ्या बदलल्या, सुसह्य झाल्या. विषाणू तपासणीत सापडत नाही इतका खाली राहिला तर तो जोडीदाराला जात नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला आणि परवानगीशिवाय कुणाचा रिपोर्ट फोडायला त्यानं मनाई केली. तरी शेजारचा तालुका सोडून लांबच्या केंद्रावर गोळ्या आणायला जाणारी माणसं मी ओळखते. गोळी चुकली का, हे त्यांना विचारलं जातं. झोप लागते का, हे विचारणारं कुणी हवं, आणि त्यासाठी समुपदेशकाला वेळ हवा.

आत्या निवृत्त झाली, पण तिच्याकडं फोन येतात. जन्मापासून हा विषाणू घेऊन वाढलेली पोरं आता लग्नाची झालीत. अशांचे वधू-वर मेळावे भरतात, तिथं ती हौसेनं जाते. शिक्षण काय, शेती किती, घरी कोण कोण, हे सगळं रीतसर विचारलं जातं. मग मुलगी मुलाला विचारते, "तुम्ही गोळी किती वाजता घेता?"